भीती एकीकडे, धोका भलतीकडे

पेट्रोल पंपावर 'मोबाईलचा वापर करू नये' अशी लाल अक्षरातली पाटी असते आणि तिच्याच खाली, हाताच्या अंतरावर, पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. टाकीत पेट्रोल पडत असतानाच आपण फोन काढतो, कोड स्कॅन करतो, पिन टाकतो, आणि 'दोनशे रुपये मिळाले' असं तो छोटा डबा सगळ्या पंपाला ऐकवतो. यात कुणालाच विसंगती दिसत नाही. गंमत अशी की पाटीमागची भीतीच कच्ची आहे. मोबाईलमुळे पंपावर आग लागल्याचं शाबित झालेलं प्रकरण जगात सापडत नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या अशा आगींची माहिती गोळा केली, तेव्हा आरोपी निघाली ती कपडे आणि सीट यांच्या घर्षणातून अंगावर साठणारी स्थिर वीज. तरी पाटी काढा असं मी म्हणणार नाही. फोनमध्ये डोकं घातलेला माणूस मीटरवरचा शून्य बघत नाही, हेही नुकसानच.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्यानंतरच्या तीस वर्षांत आपण फोनची धास्ती भरपूर घेतली, पण बहुतेकदा चुकीच्या ठिकाणी. किरणांना घाबरलो, टॉवरला घाबरलो, वीज पडेल म्हणून घाबरलो. प्रत्यक्षात माणसं मेली ती रस्त्यावर आणि रुळांवर, आणि लुबाडली गेली ती घरात, सोफ्यावर बसून, व्यवस्थित शुद्धीत असताना.

किरणांपासून सुरुवात करू, कारण हा प्रश्न अजून दर सोसायटीच्या वार्षिक सभेत निघतो. फोन आणि टॉवर यांच्यात ज्या रेडिओलहरी चालतात त्या क्ष-किरणांसारख्या नाहीत. अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा शरीरावर दिसलेला पक्का परिणाम म्हणजे ऊतकं किंचित तापणं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '२ ब' गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या रकान्यात टाकलं आणि जगभर मथळे झळकले. त्याच रकान्यात भाज्यांचं लोणचंही आहे. आपलं कैरीचं नव्हे, पूर्व आशियातलं, काळजी नसावी. पुढे याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास तपासून संशोधकांनी सांगितलं की मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळत नाही, दहा-दहा वर्षं फोन वापरणाऱ्यांमध्येही नाही.

आपल्याकडचे नियम तर सावधगिरीच्या बाजूलाच झुकलेले आहेत. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनचं किरणशोषण, म्हणजे ज्याला 'सार' म्हणतात ते, दर किलोमागे १.६ वॉटच्या आत असावं लागतं आणि टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. 'फाईव्ह जी'च्या विरोधात जूही चावला २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा न्यायालयाने याचिका फेटाळून वीस लाखांचा दंड ठोठावला. पुढे तो दोन लाखांवर आला. तरी ज्याला धाकधूक वाटते त्याने एवढंच करावं: लिफ्टमध्ये, घाटात, धावत्या गाडीत रेंजची एकच काडी असताना लांबलचक गप्पा टाळाव्यात, कारण टॉवर दूर असला की फोन जास्त जोर लावून लहरी सोडतो. स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोललं तरी पुष्कळ फरक पडतो. किरणांपेक्षा चुंबकाची बाब जास्त खरी आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसाने फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये. अलीकडच्या अनेक फोनमध्ये आणि त्यांच्या कव्हरमध्ये चुंबक असतात. पंधरा सेंटिमीटरचं अंतर पुरेसं आहे.

फोन हे यंत्र म्हणून घातक ठरतं ते मुख्यत्वे बॅटरीच्या बाबतीत. लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये एक पातळ पडदा असतो. तो फाटला, चेपला किंवा फार तापला की आतली उष्णता स्वतःलाच वाढवत जाते आणि मग ती थांबत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हे मॉडेल जगभरातून परत घ्यावं लागलं, ते अशाच दोषांमुळे. एका पुरवठादाराच्या बॅटरीत पट्टीचा कोपरा दुमडत होता, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगची अणकुचीदार टोकं पडदा भेदत होती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातून हे सुटतं, तर रस्त्यावरच्या ऐंशी रुपयांच्या चार्जरकडून काय अपेक्षा ठेवणार? चार्जर, पॉवर बँक, बॅटरी यांना आपल्याकडे मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. तो नसलेला चार्जर घरी आणू नये. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर तो फोन 'अजून चालतोय' म्हणून वापरायचा नसतो. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, मे महिन्यात डॅशबोर्डवर तापत पडलेला फोन, आणि चार्जिंगला लावून कानाशी धरलेला फोन, या तिन्ही गोष्टी विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तरी सोडाव्यात.

पावसाळ्यात फोन भिजला की तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला सगळेच देतात. ॲपलने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितलं की असं करू नका. तांदळाचे बारीक कण आत शिरून उलट बिघाड होतो. फोन बंद करून, तोंड खाली धरून हलकेच झटकावा आणि हवेशीर जागी राहू द्यावा, चार्जर मात्र लावू नये. विजांबद्दलचा समज त्याहून जुना. मोबाईल वीज खेचून घेत नाही. वीज उंच आणि उघड्यावरच्या गोष्टी शोधते, आणि शेतात एकटा उभा असलेला माणूस हीच ती गोष्ट असते. चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलणं मात्र गडगडाटात टाळावं, कारण तेव्हा तो घराच्या तारांना जोडलेला असतो. खरं तर शेतकऱ्याच्या खिशातला फोनच इथे उपयोगी आहे: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं.

आता रस्ता. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली नेमकी किती फोनमुळे, हे पंचनाम्यातून पुरेसं कळणं अवघड, कारण मेलेला माणूस सांगत नाही आणि वाचलेला कबूल करत नाही. पण धोक्याचं मोजमाप जुनं आहे. टोरांटोमध्ये ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी आणि अपघातांच्या वेळा ताडून पाहणारा अभ्यास १९९७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला: फोनवर बोलताना टक्कर होण्याची शक्यता सुमारे चौपट, आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांनाही त्यातून सूट नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. ब्लूटूथ लावलं की आपण नियम पाळला असं वाटतं. हात हँडलवर असतात, डोळे रस्त्यावर असतात, पण मन समोरच्या माणसाशी भांडत असतं आणि डोळ्यांसमोरची म्हैस मेंदूपर्यंत पोचत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नसतं. आणि मेसेज वाचायचा तर ताशी साठच्या वेगात पाच सेकंद खाली बघणं म्हणजे त्र्याऐंशी मीटर, क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या लांबीला लांबी लावून, डोळे मिटून पार करणं.

कायदा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. २०२० पासून फक्त रस्ता शोधण्यापुरती मुभा आहे, तीही लक्ष विचलित होत नसेल तर. पण हेल्मेटच्या आत कोंबलेला फोन, किंवा मान तिरकी करून खांदा आणि कान यांच्यात दाबून धरलेला फोन, हे दृश्य आपल्या प्रत्येक चौकात आहे. जेवण पोचवणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मला दंडापेक्षा वेगळाच प्रश्न पडतो. त्यांचं कामच सतत स्क्रीनवर बघण्याचं आहे आणि ती सक्ती त्यांनी स्वतः निवडलेली नाही.

मुंबईकरांना रूळ ओलांडताना इअरफोन काढा, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं. पण उपनगरी रेल्वेमार्गांवर नेहमीच्या वर्षात दोन हजारांवर माणसं मरतात, आणि रूळ ओलांडणं हे त्यातलं मोठं कारण. लोकलच्या दारात उभं राहून फोन बघणाऱ्याला आणखी एक शत्रू असतो. रुळांलगत दबा धरून, हातावर काठीचा फटका मारून खाली पडलेला फोन उचलणारी 'फटका गँग'. फटका बसल्यावर फोन वाचवायला माणूस पुढे झुकतो, आणि हात-पाय गमावल्याच्या घटना घडतात त्या तिथेच. गेला तर जाऊ द्यावा.

सेल्फीचं वेड कमी झालं असं म्हणतात. त्याचं नाव बदलून 'रील' झालंय, एवढंच. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात बातम्यांमध्ये आलेल्या सेल्फीमृत्यूंचा एक अभ्यास २०१८ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या संशोधकांनी मांडला: १३७ घटनांत २५९ मृत्यू, सर्वाधिक भारतात, बहुतेक तिशीच्या आतले, आणि सगळ्यात जास्त बुडून. वांद्र्याला समुद्रात तरुणी बुडाल्यावर २०१६ मध्ये मुंबई पोलिसांनी सोळा धोक्याच्या जागा निश्चित केल्या. पाट्या लागल्या, काही ठिकाणी कठडेही आले. पण सह्याद्रीतल्या धबधब्यांना कठडे कुठून आणणार? जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर चित्रीकरण करताना दरीत कोसळलेल्या तरुणीची बातमी सगळ्यांनी वाचली आणि पुढच्याच रविवारी धबधब्यांचे रस्ते पुन्हा गाड्यांनी भरले. अशा ठिकाणी फोटो दुसऱ्याने काढावा. स्वतःचा काढायचा तर माणूस दरीकडे पाठ करून उभा राहतो आणि एकेक पाऊल मागे जातो.

डोळे आणि कान यांच्याबद्दल थोडक्यात. निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात म्हणून चष्म्याच्या दुकानात हजार रुपये जास्त घेतात. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. डोळे चुरचुरतात ते पापण्या लवायच्या कमी झाल्यामुळे. अधूनमधून खिडकीबाहेर बघितलं की भागतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कानांचं तसं नाही, तिथलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. लोकलच्या खडखडाटावर गाणं ऐकायचं म्हणून आपण आवाज कुठवर नेतो, ते प्रत्येकाने स्टेशनावर उतरून शांत जागी एकदा ऐकून बघावं.

मुलांबाबत बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय अकादमीची २०२१ ची सूचना स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद, दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास. हे पाळणं किती अवघड आहे ते मोबाईल पुढे धरून घास भरवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. एकट्या घराने फोन काढून घेतला तर पोराला शेजारच्या घरातला दिसतो. सगळ्या गावाने ठरवलं की भांडायला कारणच उरत नाही.

आणि आता पैसे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशवासीयांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. एका वर्षात तिप्पट. या काळात 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आपण हजारदा ऐकलं. अमिताभ बच्चन यांच्या आवाजात ते प्रत्येक कॉलच्या आधी वाजायचं. घाईच्या वेळी लोकांचा जीव इतका मेटाकुटीला आला की जून २०२५ मध्ये ती धून बंद झाली. माझ्या मते अडचण कंटाळ्याची नव्हती. सल्ला जुना झाला होता.

कारण नवी फसवणूक ओटीपी मागतच नाही. 'तुमचं मागील महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला पुरवठा खंडित होईल' हा मेसेज महाराष्ट्रात किती घरी आला असेल! दिलेल्या नंबरवर फोन केला की गोड आवाजातला माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतो आणि दहा रुपये भरायला सांगतो. आपण टाकलेला पिन तो तिकडे बसून बघतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहतूक दंडाची पावती येते, किंवा पीएम किसानच्या हप्त्याची यादी येते. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसून ॲप असतं. 'एसएमएस वाचायची परवानगी' त्याला दिली की ओटीपी सांगायची गरजच राहत नाही, ते स्वतः वाचून घेतं. पत्रिका ओळखीच्या नंबरवरून आलेली असते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो. म्हणून 'अनोळखी लिंक उघडू नका' हाही सल्ला अपुरा. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यायचं, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

सगळ्यात क्रूर प्रकार 'डिजिटल अरेस्ट'चा. तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमचं आधार मनी लाँडरिंगमध्ये वापरलं गेलंय, असं सांगून व्हिडिओ कॉलवर गणवेशातला 'अधिकारी' येतो. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, चौकशी पूर्ण होईपर्यंत रक्कम 'सरकारी खात्यात' ठेवायची. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ज्येष्ठ अध्यक्षांपुढे तर चोरांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी केली, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा तोतया बसवून, आणि सात कोटी नेले. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली. तरी निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतूनच निवृत्त झालेले अधिकारी फसत राहतात आणि मग 'एवढं शिकून कसं कळलं नाही' असं आपण वर त्यांनाच सुनावतो. शिक्षणाचा इथे संबंध नाही. आयुष्यभर पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या, कर वेळेवर भरणाऱ्या माणसालाच हा गणवेश जास्त घाबरवतो. चोराचं खरं भांडवल एकांत आहे. घरात दुसऱ्या माणसाशी दोन मिनिटं बोलणं झालं की हा डाव मोडतो. आई-बाबांना ॲपची सुरक्षितता शिकवण्यापेक्षा 'कुणीही काहीही धमकी दिली तरी आधी मला फोन करा, मी रागावणार नाही' एवढं सांगून ठेवणं जास्त कामाचं. रागावणार नाही, हे शब्द त्यात हवेतच.

माझा मुख्य आक्षेप असा की सावध राहण्याचा सगळा बोजा आपण वापरणाऱ्यावर टाकला. जिथे यंत्रणा बदलली तिथे फरक पडला. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणून लुबाडणं सर्रास चालायचं. पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो, हे पोस्टर वर्षानुवर्षं लावलं. शेवटी ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवायची ती सोयच यूपीआयमधून काढली आणि त्या डावाचं मुख्य हत्यार गेलं. दुसरा डाव '४०१' ने सुरू होणारा कोड दाबायला लावून तुमचे कॉल चोराकडे वळवण्याचा. एप्रिल २०२४ मध्ये कोडद्वारे कॉल वळवण्याची सुविधा थांबवली गेली. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हा नियम जुलै २०२४ चा. बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं गेलं, आणि बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठेवले गेले. म्हणजे दहा आकडी मोबाईल नंबरवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायला आता ठोस आधार आहे.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या मदतक्रमांकावर फोन करायचा. बँकेच्या शाखेत सोमवारी जाण्याची वाट बघायची नाही. चोर रक्कम एका खात्यातून पाच, पाचातून पंचवीस खात्यांत फिरवतात, आणि पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर ती वाटेत गोठवता येते. ही मधली खाती बरेचदा तीन-चार हजारांच्या मोबदल्यात आपलं पासबुक आणि सिम वापरायला देणाऱ्या कॉलेजातल्या मुलांची असतात. त्यांना आपण गुन्ह्यात सामील आहोत हे पोलीस दारात आल्यावर कळतं. भरपाईचं गणित मात्र कठोर आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण गुप्त माहिती ग्राहकानेच दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. घाबरवून स्वतःच्या हाताने पैसे भरायला लावलेल्या वृद्धाचं काय? ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रकरणांत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांवर सक्तीची आहे. आपणही त्याच वाटेने जावं, कारण खिशाला चाट बसल्याशिवाय बँका संशयास्पद खाती शोधत नाहीत.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर तो दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वरून देशभरात निकामी करता येतो. चोरीचे फोन निकामी करण्याच्या या योजनेची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतूनच झाली होती. त्यासाठी लागणारा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून आजच कागदावर लिहून ठेवावा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये बघता येत नाही. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला 'संचार साथी'चं ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा आदेश बाहेर आला आणि टीका होताच मागे घेतला गेला. ॲप कामाचं आहे, सक्ती नको होती. बहुतेक जण फोनला कुलूप लावतात पण सिमला लावत नाहीत. मग चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. सेटिंगमध्ये सिमसाठी वेगळा पिन असतो. तो लावताना मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्यावा, नाहीतर तीन चुकांनंतर सिम आपल्यालाच अडवतं.

कुलूप लावलेल्या फोनचा एक उलटा त्रासही आहे. अपघातानंतर रस्त्यावर जमलेल्या लोकांना तो उघडता येत नाही आणि घरी कळवायला नंबर मिळत नाही. त्यासाठी जवळपास सगळ्या फोनमध्ये 'आणीबाणीची माहिती' हा भाग असतो. रक्तगट, औषधांची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर त्यात भरले की कुलूप न उघडता दिसतात. पॉवरचं बटण तीनदा, काही फोनवर पाचदा, झटपट दाबलं की ११२ ला फोन लागण्याची सोयही असते. ही माहिती आपण कधी भरली होती का, हे सांगायला बहुतेकांना आत्ता फोन काढून बघावं लागेल.